वजन उतरलं, आता करायचं काय?

2011 साल खांबकरांच्या लक्षात आहे ते महामार्गामुळे. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा चौपदरी करायचं काम त्या वर्षी सुरू झालं आणि नागोठणं-कोलाडच्या मधलं रोहे तालुक्यातलं खांब हे गाव धुळीत सापडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात नितीन गडकरींनी मुंबईत वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. 2014 मध्ये ते महामार्गांचे मंत्री झाले, म्हणजे खांबच्या नाक्याशी त्यांचा संबंध आलाच. रस्त्याच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मागोवा घ्यायचा आहे तो त्या दुसऱ्या कामाचा: वजनाच्या ऑपरेशनचा, आणि ते झाल्यावर माणसानं स्वतःपुढे ठेवायच्या उद्दिष्टांचा.

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया तेव्हाही नवी नव्हती. अमेरिकेत 1950च्या दशकात आतड्यांचा बायपास सुरू झाला, 1960च्या दशकात आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास आणला आणि पुढे जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करणारी स्लीव्ह आली. भारतात या क्षेत्रातल्या सर्जनांची संघटना 2002 साली स्थापन झाली. तरी आपल्याकडे ‘पोट कापून बारीक होणं’ हे बड्या लोकांचं कौतुक, असाच समज होता. गडकरींच्या बातमीनं तो थोडा सैल झाला. हे ऑपरेशन मधुमेहासाठीही करतात, हे गावोगाव कळलं.

पाश्चात्त्यांचे वजनाचे निकष आपल्याला तसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही याच काळात रुजलं. त्यात पुण्याचा वाटा मोठा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहलेखकाचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. बारीक दिसणारा भारतीय आतून जाड असू शकतो, हे त्या एका चित्रानं जगाला सांगितलं. वजनकाटा सगळं सांगत नाही, याचा याहून सोपा पुरावा नसेल.

तरीही 2017 मध्ये अख्ख्या देशाचे डोळे काट्यावरच खिळले. इजिप्तची इमान अहमद सुमारे 500 किलो वजन घेऊन फेब्रुवारीत मालवाहू विमानानं मुंबईत आली. पंचवीसेक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात डॉ. मुफ्फझल लकडावाला यांच्या पथकानं तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. वर्तमानपत्रं तिचे उतरणारे किलो मोजत राहिली. एप्रिलमध्ये वाद पेटला. डॉक्टरांच्या मते वजन निम्म्याहूनही खाली आलं होतं. बहिणीचं म्हणणं, आकडे खरे नाहीत आणि इमान अजून चालू-बोलू शकत नाही. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि 25 सप्टेंबरला तिचं निधन झालं. कोण बरोबर, हा निवाडा करायची ही जागा नव्हे. पण एक पक्ष किलोंत बोलत होता, दुसरा पावलांत, आणि दोघांचं उद्दिष्ट एक नव्हतं, एवढं त्या वादातून स्पष्ट झालं.

2019 मध्ये विमा नियामकानं अटी ठरवून दिल्या: बॉडी मास इंडेक्स 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर आरोग्य विम्यात हे ऑपरेशन बसू शकतं. मग ते रायगडच्या मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येऊ लागलं.

किलोंच्या हिशेबाचा कळस 2022 मध्ये झाला. उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना गडकरींनी जाहीर सभेत सांगितलं, तुम्ही जितके किलो कमी कराल, तितके हजार कोटी मतदारसंघाला देतो. मी 135 किलोंचा होतो, आता 93चा आहे, हेही त्यांनी ऐकवलं. फिरोजियांनी खाण्यावर ताबा ठेवून आणि व्यायाम करून ऑक्टोबरपर्यंत 32 किलो उतरवल्याचं सांगितलं. मतदारसंघासाठी 2,300 कोटींच्या आसपास कामं मंजूर झाल्याची बातमी आली. किस्सा झकास आहे, पण अशी पैज शेजारच्यानं लावावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात. वजनाच्या ऑपरेशननंतर ती फारशी कामाची नाही.

कारण ऑपरेशननंतर पहिल्या वर्षभरात किलो उतरतातच. जठर लहान झालेलं असतं, भुकेच्या हार्मोन्सची घडी बदललेली असते. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के घटलं आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे काटा थांबतो, थोडा मागेही फिरतो. ज्यानं काट्यालाच देव मानलं, तो तिथं खचतो.

हालचालीचा हिशेब वेगळा चालतो. 2015 साली अमेरिकेत बायपासनंतरच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला सहा महिने नेमानं व्यायाम, दुसऱ्याला नुसती व्याख्यानं. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. मात्र व्यायाम करणाऱ्यांचं शरीर इन्शुलिनला जास्त चांगली साथ देऊ लागलं आणि दमही वाढला. हा फायदा काट्यावर दिसला नाही. भरभर उतरणाऱ्या वजनाबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायला प्रथिनं लागतात आणि ताकदीचा व्यायाम लागतो.

मग उद्दिष्ट ठेवायचं कुठलं? मोबाइल दहा हजार पावलं सांगतो. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानी कंपनीनं विकायला काढलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं ते नाव होतं. 2019च्या एका अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या स्त्रियांना साडेचार हजार पावलांपासूनच फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तिथवर कसं पोचायचं, ते ज्यानं त्यानं आपल्या गावात बघायचं.

खांबमध्ये बघायचं तर पहिला दीड महिना उद्दिष्ट साधं असतं: ऑपरेशनच्या दिवसापासूनच थोडं थोडं चालणं, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो; पाण्याचा भरला हंडा किंवा भाताचं पोतं मात्र उचलायचं नाही. मग घर ते नाका, नाका ते देवकान्ह्याच्या बाजूचा रस्ता. महामार्गाच्या कडेनं फेरी मारणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे आतला रस्ताच बरा. पावसाळ्यात बांध निसरडे होतात आणि चार महिने फेरी मोडते. तेव्हा हात न टेकता खुर्चीतून उठणं, भिंतीला रेटून दंड काढणं, एवढं घरात होतं. जेवताना पाणी प्यायचं नसतं, म्हणून उन्हाळ्यात चालताना घोट घोट पिण्याची सवय लागते. ताटात मासा, अंडं, डाळ आधी आणि भात नंतर.

पुढची उद्दिष्टं ज्याची त्याची. पंगतीत मांडी घालून बसणं. एसटीची पायरी दांडा न ओढता चढणं. लावणीला पुन्हा खाचरात उतरणं. गौरी-गणपतीत बाल्या नाचाच्या फेरात एक गाणं तरी टिकणं. आणि वर्षा-दीड वर्षानं, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, थंडीच्या दिवसांत वैजनाथवरून पायथ्याच्या घेरा सुरगडला जाऊन सुरगड चढणं. ट्रेकरला ही तासा-दीड तासाची चढण. आपल्याला तीन तास लागले तरी गड तोच.

अशा उद्दिष्टाला एकच कसोटी लावावी: काटा तीन महिने हलला नाही, तरी ते पुरं होऊ शकतं का? होत असेल तर ते तुमचं. नसेल तर ते काट्याचं. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना आपलं वजन सांगाच, पण त्याआधी गेल्या महिन्यात जमत नव्हतं असं आता काय जमतं, ते सांगा.