हुकूम नेमका कोणाचा?

वकील म्हटलं की आपल्यापुढे उलटतपासणी घेणारा माणूस उभा राहतो. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात एक वकिली अशीही चालते, की तिच्यात साक्षीदार क्वचितच असतो. समोर असतो एक कागद. कधी तहसीलदाराचा, कधी जिल्हाधिकाऱ्याचा, कधी कृषी खात्याचा. परवाना रद्द, फेरफार नामंजूर, सरपंच अपात्र. हा वकील जन्मभर असे हुकूम वाचतो. तो त्यांत काय शोधतो, ते आज आपण पाहू. आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, कायद्याचे नव्हे. पण इथला मूळ प्रश्न 'निर्णय घेतला कोणी' असा आहे, आणि तो आमच्या अंगणातला आहे.

एक जुना खटला घेऊ. गोरधनदास भानजी यांना अंधेरीला सिनेमागृह बांधायचं होतं. परवानगी देण्याचा अधिकार नियमांनी मुंबईच्या पोलीस आयुक्तांना दिलेला. १९४७ च्या जुलैत परवानगी मिळाली, आणि सप्टेंबरात आयुक्तांचं पत्र आलं : सरकारच्या निर्देशावरून कळवतो की परवानगी रद्द. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१ साली निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, म्हणजे आपल्या नागपूरला वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले बोस.

आता गंमत बघा. परवानगी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. सरकारला नव्हता. आयुक्तांनी स्वतः विचार करून तेच केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण पत्रात दिसत होता तो दुसऱ्याचा निर्णय. आयुक्त नुसते निरोप्या. आणि हुकूम काढताना माझ्या मनात अमुक होतं, हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालत नाही. हुकुमाचा अर्थ त्याच्या शब्दांवरूनच लावायचा, असं न्यायालयाने ठरवलं. १९७७ साली मोहिंदरसिंग गिल खटल्यात हेच सूत्र पुन्हा आलं : कारणं हुकुमातच हवीत, शपथपत्रात नवी जोडता येत नाहीत.

हे आपल्याकडे आणू. समजा, सेनगावकडचं एक कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये विकलेलं सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही. तक्रारी झाल्या, गावात संताप, आणि दोन दिवसांत परवाना निलंबित. हुकुमात एक ओळ : 'वरिष्ठांच्या सूचनेनुसार'. दुकानदार वकिलाकडे येतो. वकील आधी बियाण्याचं विचारतच नाही. नोटीस आली होती का? तुम्ही दिलेलं उत्तर हुकुमात कुठं दिसतं का? सही ज्याची आहे, अधिकार त्याचाच का? बियाणे नियंत्रण आदेश १९८३ प्रमाणे म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय परवाना काढून घेता येत नाही. म्हणजे हा हुकूम टिकणं कठीण.

इथं लोक चिडतात. बोगस बियाणं विकणाऱ्याला कसली आलीय संधी! त्यांचा राग खरा आहे. ज्याच्यावर दुबार पेरणी आली, त्याचं नुकसान त्या एका ओळीत कुठंच नाही. पण नीट पाहा. दुकानदार दोषी असेल, तर त्याला वाचवलं कोणी? वकिलाने नाही. घाईने लिहिलेल्या त्या हुकुमाने वाचवलं. आणि तो निर्दोष असेल, बियाणं कंपनीकडूनच खराब आलेलं असेल, तर त्याचा हंगाम बुडाला. दोन्हीकडून पाहिलं तरी चूक एकाच टेबलावर झालेली.

म्हणून आमच्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम सरकारी बाजूचा वकील करतो, तेही हुकूम निघण्यापूर्वी. 'साहेब, दोन दिवस थांबा, नोटीस काढा, उत्तर वाचा, मग लिहा' असं सांगणारा. त्याचं नाव कुठं छापून येत नाही, कारण टिकणाऱ्या हुकुमावर सहसा निकालच लागत नाही.

बाकी या वकिलीचा रस्ता लांबचा. १ मे १९९९ ला जिल्हा झाला, तोपर्यंत हिंगोलीची माणसं जिल्ह्याच्या कामाला परभणी गाठत. उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ पासून औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. सरकारी नोकराचं भांडण १९९१ पासून मॅटमध्ये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मात्र ते दार नाही, त्याला उच्च न्यायालय. आणि निजामी राजवटीचा वारसा असा, की कुळाच्या जमिनीचा वाद निघाला तर इथं अजून १९५० चा हैदराबाद कुळकायदा उघडावा लागतो. नव्या वकिलाला हे पाठ व्हायलाच दोन-चार वर्षं जातात.

हुकूम रद्द झाला म्हणजे दुकानदार सुटला असंही नव्हे. बहुतेकदा प्रकरण फेरनिर्णयासाठी परत जातं. खातं तेच, टेबल तेच. या खेपेला तारीख देऊन बोलावतात, तक्रारदार शेतकऱ्यांचे जबाब होतात, उगवणशक्तीचा अहवाल समोर ठेवतात, आणि दुकानदाराचं उत्तर रोजनाम्यात चढतं. तोवर सोयाबीन काढणीला आलेलं असतं.