निअँडरथल मानवाचे अन्न व त्याचा अस्त

इसवी सन १८५६ साली जर्मनीतील डुसेलडॉर्फ शहराजवळ, निअँडर नावाच्या दरीत, चुनखडीच्या खाणीवरील मजुरांना एका गुहेच्या चिखलात काही जुनी हाडे सापडली. ती अस्वलाची असावीत असा समज झाला. परंतु जवळच्या गावचे योहान कार्ल फुलरॉट नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी ती मनुष्याचीच, पण आजच्या मनुष्याहून निराळ्या प्रकारच्या मनुष्याची आहेत हे ओळखले. १८६४ साली विल्यम किंग ह्या प्राध्यापकांनी त्या दरीवरून ह्या मानवजातीस शास्त्रीय नाव दिले, आणि तिची बुद्धी पशूच्या पलीकडे गेली नसावी असा निकालही देऊन टाकला. हा निकाल पुष्कळ वर्षे लोकांच्या मनात घर करून राहिला.

निअँडरथल लोक युरोप व पश्चिम आशिया ह्या भागांत दोन-तीन लक्ष वर्षे नांदले आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले. इतका दीर्घ काळ कडाक्याची थंडी सोसून टिकलेले लोक अखेर का संपले? ह्या प्रश्नाचा एक धागा त्यांच्या अन्नाशी व शिकारीशी जोडलेला आहे. तो ह्या लेखात उलगडून पाहू.

ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचे जेवण आपणांस कसे कळावे? ह्या कामी तीन साक्षीदार आहेत. पहिला साक्षीदार म्हणजे गुहांत सापडणारी जनावरांची हाडे. मांस सोलताना दगडी सुरीचे जे ओरखडे उमटले, ते त्यांवर अद्याप दिसतात. दुसरा साक्षीदार खुद्द ह्या लोकांची हाडे. नायट्रोजन वायूचा एक जड प्रकार आहे. गवतापेक्षा गवत खाणाऱ्या प्राण्यात, आणि त्याहून त्याला खाणाऱ्या प्राण्यात तो अधिक साठतो. क्रोएशियातील विंदिया गुहेतील हाडे ह्या रीतीने तपासली, तेव्हा लांडग्यासारख्या मांसभक्षकांत आढळते तितके त्याचे प्रमाण त्यांत आढळले. तिसरा साक्षीदार म्हणजे दातांवरील कीटण. त्यात अन्नाचे सूक्ष्म कण हजारो वर्षे जशाचे तसे अडकून राहतात.

शिकारीत हे लोक मोठे निष्णात होते. जर्मनीतील लेरिंगेन येथे १९४८ साली एका प्राचीन हत्तीच्या फासळ्यांमध्ये सुमारे आठ फूट लांबीचा लाकडी भाला सापडला. त्याच देशातील नॉयमार्क-नॉर्ड येथे सव्वा लक्ष वर्षांपूर्वी निअँडरथल लोक महाकाय हत्ती मारून त्यांचे मांस पद्धतशीर काढीत असत, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तेथेच त्यांनी किमान १७२ मोठ्या जनावरांची हाडे बारीक फोडून व पाण्यात तापवून त्यांतील चरबी काढली होती, असे २०२५ साली उजेडात आले. हा खटाटोप निष्कारण नव्हता. हिवाळ्याच्या अखेरीस जनावरे रोडावतात, आणि नुसत्या चरबीविरहित मांसावर मनुष्य फार दिवस तग धरू शकत नाही. कारण यकृतास ठराविक प्रमाणापलीकडे प्रथिने पचविता येत नाहीत. चरबीचे हे महत्त्व ज्यांनी अनुभवाने जाणले, त्यांस पशुबुद्धी कसे म्हणावे?

मग उणे कोठे पडले? ह्या लोकांचे शरीर बुटके, रुंद व पिळदार होते. अशा देहास थंडीत पोसावयाचे तर आपल्याहून अधिक अन्न लागे. मोठ्या शिकारीस अनेक हात लागतात. म्हणून स्त्रिया व वाढती मुलेही तीत सामील होत असावीत, असे काही संशोधकांचे मत आहे. ज्या घराची सारी मिळकत एकाच शेतावर अवलंबून असते, ते घर सुकाळात सुखाने खाते; परंतु एक पीक बुडाले की त्यास दुसरा आधार राहत नाही. हवामान वारंवार पालटू लागून मोठे कळप दुसरीकडे गेले किंवा विरळ झाले, तेव्हा ह्या लोकांची गत अशीच झाली असावी.

त्यातच आपले पूर्वज युरोपात येऊन पोहोचले. ते मोठी जनावरे मारीतच, शिवाय मासे, पक्षी व ससे ह्यांवरही गुजराण करू शकत. चीनमधील त्यानयुआन गुहेतील सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या हाडांत गोड्या पाण्यातील माशांच्या आहाराची खूण सापडते. त्याच कळपांवर आणखी वाटेकरी आले, आणि त्यांच्यापाशी अडचणीच्या दिवसांसाठी दुसऱ्या वाटाही होत्या.

तथापि येथे घाईने निकाल देणे योग्य नव्हे. सर्वच निअँडरथल केवळ मांसावर जगत नव्हते. इराकमधील शानिदार गुहेतील दातांच्या कीटणात शिजविलेल्या जवासारख्या धान्याचे कण मिळाले. स्पेनमधील एल सिद्रोन येथील लोकांच्या कीटणात अळिंबी, चिलगोज्यासारख्या बिया व शेवाळ ह्यांचे अंश होते. जिब्राल्टर व पोर्तुगाल येथील किनाऱ्यांवर ते शिंपले व इतर समुद्री जीव खात. म्हणजे जेथे जे मिळे ते खाण्याची अक्कल त्यांस होती. तेव्हा आहार हे एकटेच कारण ठरत नाही. त्यांच्या टोळ्या लहान व एकमेकींपासून दूर होत्या. सैबेरियातील एका स्त्रीच्या जनुकांवरून तिचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग होते असे दिसते. लहान टोळीस एक वाईट हिवाळा किंवा दोन शिकाऱ्यांचा मृत्यूही भारी पडतो. अन्नाची तंगी, अल्प संख्या, पालटते हवामान व नवे शेजारी ही सारी कारणे एकमेकांस बळ देत गेली, असे मानणेच सयुक्तिक आहे.

शानिदार येथे १९५७ साली सापडलेल्या एका पुरुषाचा उजवा हात निकामी झालेला होता व एक डोळाही बहुधा गेलेला होता. तरी तो पुढे अनेक वर्षे जगला. स्वतः शिकार करणे त्यास कठीण होते, तेव्हा आपल्या घासातला घास त्यास कोणीतरी देत असलेच पाहिजे. २०१० साली निअँडरथलांच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध झाले. ह्या शाखेतील कार्याबद्दल स्वांते पेबो ह्यांस २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाचनावरून कळले की, आफ्रिकेबाहेरील बहुतेक लोकांच्या शरीरात निअँडरथलांचा शेकडा एक ते दोन इतका अंश आहे. आपण भारतीयही त्यास अपवाद नाही.

तात्पर्य, जे लोक टिकले नाहीत ते मूढच होते असे समजू नये. ज्या कौशल्याने निअँडरथलांस लक्षावधी वर्षे जगविले, तेच दिवस पालटल्यावर एकटे पुरेसे पडले नाही. आणि ज्यांस आपण परके म्हणून हिणविले, ते काही अंशी आपलेच पूर्वज निघाले.