शनिवारवाड्यातील हाक

पुण्याच्या बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्यापासून दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे पेशवाईतले तीन वाडे भेटतात. शनिवारवाडा पहिल्या बाजीरावांचा. त्याची पायाभरणी १७३० साली आणि वास्तुशांत १७३२ साली झाली. नानावाडा नाना फडणिसांचा, १७८० चा. पुढचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांचा. तिन्ही वाड्यांनी राज्याचे चढउतार पाहिले. परंतु पौर्णिमेच्या रात्री हाक ऐकू येते ती एकट्या शनिवारवाड्यातून, असे लोक सांगतात. "काका, मला वाचवा!" ही हाक न ऐकताही आपणां सर्वांच्या कानांत बसलेली आहे. असे का व्हावे?

प्रथम घडले काय ते पाहू. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वेळ दुपारची. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव वाड्यातच नजरकैदेत असलेल्या रघुनाथरावांकडे धावले आणि त्यांना बिलगले. तेथेच त्यांचा वध झाला.

म्हणजे वध दिवसाढवळ्या झाला. हाक मात्र रात्रीची. तिथी त्रयोदशी, दंतकथेने ती पौर्णिमा केली. 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला, हे तर मुलेही सांगतात. पण १८२६ साली इतिहास छापणाऱ्या ग्रँट डफनेही ती लोकांची समजूत म्हणूनच नोंदली आहे. शिवाय वाड्यातले महाल १८२८ च्या आगीत जळाले. उरले ते तट, दरवाजे आणि चौथरे. हाक येते ती नसलेल्या घरातून!

मग ती टिकली कशी? एक कारण उघड आहे. नानावाड्यात पुढे शाळा भरली, विश्रामबागेत १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जेथे माणसांचा राबता असतो तेथे भुताला जागा मिळत नाही. शनिवारवाडा ओसाड पडला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आले नाही. रघुनाथराव पुढे दहा वर्षे जगले. न्यायासनाने निकाल दिला, पण दाद मिळाली नाही. जो खटला दरबारात पुरा झाला नाही, तो लोकांनी आपल्या मनात चालूच ठेवला. ती हाक म्हणजे त्या खटल्याची पुकार आहे.

मात्र या पुकाऱ्यातही एक उणीव राहून गेली. त्या दिवशी धन्याच्या अंगावर आडवा पडून चापाजी टिळेकर नावाचा सेवक मारला गेला. वाड्यातली आणखीही माणसे प्राणास मुकली. त्यांची हाक कोणत्याच पौर्णिमेला कोणाला ऐकू येत नाही. दंतकथा पेशव्यांना विसरली नाही. चाकराची आठवण ठेवणे हे इतिहासाचे, म्हणजे आपले, काम आहे.