प्रार्थनेआधीचा दिवस

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी, दर्यापूरकडून अकोट-बाळापूरकडे आणि पुढे बुलढाण्यातही, विहिरींचं पाणी खारट आहे. या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात. इथे विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिण्याचं पाणी नळयोजनेच्या भरवशावर असतं. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात गोड पाण्यावर वाढलेला एकवीस वर्षांचा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोट तालुक्यातल्या एका गावात येतो, तेव्हा अंतर काही फार नसतं. पण पहिल्या आठवड्यात त्याचं पोट बिघडतंच. मंदिरामागच्या घरातली आजी त्याला ताक देताना म्हणाली, "बापू, आमच्या पान्याची सवय व्हाले येळ लागते. कोनी आलं का पह्यले पळतेच. तू पळू नको."

तो पळाला नाही. गावातली मुलं त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. तो श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सुसंस्कार शिबिराचा शिक्षक. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. तिथून निघालेलं हे काम वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांत पोचलं आहे. उन्हाळा लागला की ठिकठिकाणी मुलांची शिबिरं भरतात. शिकवायला येतात ती बहुतेक कधीकाळी अशाच शिबिरात बसलेली पोरं-पोरी. दादा नवव्या वर्षी बसला होता. आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आलाय. मानधन म्हणाल तर जाण्या-येण्याचं भाडं. राहणं शाळेच्या खोलीत, जेवण पाळीनं घरोघर.

पहाटे साडेचारला तो उठतो. पाचला भोंग्यावर भजन, साडेपाचपर्यंत मुलं गोळा, मग सामुदायिक ध्यान. ध्यानानंतर रामधून. हातात झाडू, डोक्यावर भगवी टोपी, तोंडी भजन, आणि ज्या गल्लीतून जायचं ती झाडत जायचं. महाराजांनी घालून दिलेली ही रीत साधी आहे, पण निभावणं अवघड. कारण पहिल्या दिवशी गल्लीतली माणसं ओट्यावर बसून बघत राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी बाई आपल्या दारापुरतं आधीच झाडून ठेवते. दादाला त्या दिवशी फार आनंद झालेला मी पाहिला. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पुन्हा गेला, एवढंच.

ऊन चढायच्या आत योगासनं, सूर्यनमस्कार, लाठीकाठी उरकावी लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, नऊनंतर मैदानात मुलं उभी करणं म्हणजे जिवाशी खेळ. मल्लखांब शाळेच्या आवारात पुरलेला आहे. या भागाला व्यायामाचं वेड जुनं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. दादाला ही गोष्ट मुलांना सांगायला आवडते. खांबाला तेल लावता लावता सांगतो.

मग उसळ, आणि ग्रामगीतेचं वाचन. १९५५ सालच्या या ग्रंथात एक्केचाळीस अध्याय आहेत आणि तो अर्पण केलाय ग्रामदेवतेला. दादा पाठांतर कमी घेतो. स्वच्छतेबद्दलचं वाचलं की विचारतो, "आपल्या हापशीजवळचं डबकं कोनाचं?" मुलं आधी दुसऱ्या गल्लीकडे बोट दाखवतात. त्यावर वाद होतो, आणि डबक्याला नाली काढायचं दुसऱ्या सकाळसाठी ठरतं. खंजिरीच्या तासाला मात्र कोणाला बोलवावं लागत नाही. सत्यपाल महाराजांचा हा तालुका. एका वेळी सात खंजिऱ्या वाजवणारा हा माणूस इथल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. प्रत्येकाला सातच हव्या असतात. दादा एक देतो आणि ठेका धरायला लावतो.

दादाकडे बघताना मला मॉर्मन पंथाची मुलं आठवत; तीही अशीच घर सोडून धर्मप्रचाराला जातात, त्यांच्याबद्दल मी वाचलं होतं. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, कायम जोडीनं राहायचं, कुठे जायचं ते चर्च ठरवणार, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. मुलांची ही सेवा दोन वर्षांची असते. भारतात त्यांचं बंगळुरूचं केंद्र १९९३ पासूनचं. दादाला हे सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "जोडीनं असतात? बरं आहे." तो इथे एकटा आहे. रात्री शाळेच्या छतावर चटई टाकून आईशी फोनवर बोलतो, तेवढंच त्याचं घर. बाकी दिवसभर तो गावाचा असतो, आणि गाव त्याला दिवसभर पारखत असतं.

दुपारी बारा ते चार शिबिराला सुट्टी. वेळापत्रकात तिथे 'विश्रांती' लिहिलंय. दादाचं खरं काम याच वेळात चालतं, असं मला त्याच्याबरोबर फिरल्यावर वाटलं. डोक्याला दुपट्टा बांधून तो आज न आलेल्या मुलांच्या घरी जातो. कोणाचं पोरगं मामाच्या गावी गेलेलं, कोणी बकऱ्या राखायला. एका घरी मुलीला पाठवत नव्हते, कारण सकाळी पाणी भरायला तीच. दादानं तिच्या आईशी वाद घातला नाही. नळ किती वाजता येतो ते विचारलं आणि मुलींचा गट अर्ध्या तासानं पुढे ढकलला.

गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्ती आहे. तिथून पहिल्या दिवशी कोणीच आलं नव्हतं. दादा ज्या घरी बसला, तिथल्या बाबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, मग सरळ विचारलं, "तुमच्या प्रार्थनेत देव कोनता असते?" दादानं सांगितलं, अधिष्ठानावर मूर्ती नसते, फोटो नसतो, आसन मोकळं असतं. बाबा म्हणाले, "आसन मोकळं असलं तरी गानं तं कोनाचं तरी असते न." या बोलण्यात खोट नव्हती. दादानंही ते झाकायला काही जोडलं नाही. म्हणाला, "काका, लाठी-लेझीम शिकाले पाठवा. प्रार्थनेले बसाचं का नाही, ते पोरगं आन् तुम्ही ठरवा." दोन दिवसांनी त्या वस्तीतले चार जण लेझीमला आले. प्रार्थनेच्या वेळी ते उठून जात, आणि दादा त्यांना हाक मारत नसे. मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं त्याला यावरून बोल लावला. मला दादाचंच बरोबर वाटतं. सगळ्यांना एका ओळीत बसवणं हा महाराजांचा ध्यास होता हे खरं, पण ओढून बसवलेल्या माणसानं ओळ होत नाही.

जेवणाची पाळी हेही कामच आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा, रस असला तर सरोळ्या. प्रत्येक घराला वाटतं, दादा आपल्याकडे पोटभर जेवला पाहिजे. तो प्रत्येक आळीत जेवायचं टिपून ठेवतो. पाळीतून कोणतं घर आपसूक गळलं आहे ते त्याला दोन दिवसांत कळतं, आणि मग तो स्वतः जाऊन म्हणतो, "माय, उद्या मी तुमच्याकडे येतो." ज्या घरी असं विचारलं गेलं, त्या घरची नातवंडं पुढे एक दिवसही चुकली नाहीत.

सातला प्रार्थना. सतरंज्या सरळ, मुलं-मुली रांगेत, मागे मोठी माणसं. हिंदी आणि मराठी, दोन्ही भाषांतली महाराजांची पदं, मग मौन, शेवटी राष्ट्रवंदना. अर्ध्या तासात आटोपतं. खंजिरी घेऊन १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेलेले महाराज यावलीचे, म्हणजे याच वऱ्हाडातले, याचं इथल्या म्हाताऱ्यांना अजून अप्रूप आहे. प्रार्थना संपल्यावर त्या आठवणी निघतात आणि दादाचं जेवण लांबतं.

शिबिर संपताना गावात एक प्रश्न उभा राहिला. दादा गेल्यावर रोजची प्रार्थना कोण घेणार? मंडळाचे ग्रामसेवाधिकारी आपल्या पुतण्याचं नाव पुढे करत होते. कॉलेजात शिकणारा, आवाज चांगला. दादानं नववीतल्या एका मुलीचं नाव सांगितलं, तीच ती नळाच्या पाण्याची. तिला सगळी प्रार्थना येते, ती धाकट्या दोघांना घेऊन रोज येते आणि पेरणीच्या दिवसांतही ती गावातच असणार, हे त्याचं म्हणणं. पुतण्या जूनमध्ये अकोल्याला जाणार होता. बैठक लांबली. "पोरीची जात, सांजचं बाहेर..." असं कोणीतरी सुरू केलं. तेव्हा ताक पाजणारी आजी मागून म्हणाली, "प्रार्थना देवळासमोर हाय, मी रोज तिथंच बसतो. म्हनू द्या तिले." सेवाधिकाऱ्यांनी वहीत मुलीचं नाव लिहिलं. दादानं तिला खंजिरी दिली, आपला फोन नंबर दिला आणि दर गुरुवारी किती जण आले ते कळवायला सांगितलं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या पुढच्या शिबिराला तिसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, म्हणून तो सकाळच्या पहिल्या एसटीनं गेला.