वायर गेली, ताकद राहिली

जुलै १९७१च्या अखेरीस ‘अपोलो १५’चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर बॅटरीवर चालणारं ड्रिल घेऊन उभा होता. जमिनीतली उष्णता मोजण्यासाठी त्याला सुमारे तीन मीटर खोल भोक पाडायचं होतं. त्याच्या जवळपास निम्म्यावरच काम अडलं. मातीचा नमुना घेण्यासाठी खोल घातलेली नळीही अशी रुतली, की ती उपटायला स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना अक्षरशः खांदा लावावा लागला. कारण साधं होतं. ड्रिलच्या दांड्यांवरच्या पिळदार खाचा सांध्यांपाशी तुटत होत्या. तिथे भुगा अडला, ठासून बसला आणि दांडा जखडला.

घरच्या भिंतीत भोक पाडतानाही नेमकं हेच घडतं. भुगा बाहेर पडला नाही किंवा टोक एखाद्या सळईला भिडलं, की बिट जागीच अडकतो. मोटर मात्र फिरतच असते. बिट फिरेना, म्हणून मग ड्रिल फिरतं आणि त्याच्यासोबत मनगट!

बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आलं ते १९६१ साली, ‘ब्लॅक अँड डेकर’ या अमेरिकी कंपनीने आणलं. तेव्हाच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत बेताचाच दम होता. आजच्या लिथियम-आयन बॅटरीने ते चित्र पालटलं. १८ व्होल्टच्या चांगल्या ड्रिलचा पीळ ६० न्यूटन-मीटरपर्यंत सहज जातो. मुठीची पकड बिटच्या अक्षापासून साधारण १५ सेंटीमीटरवर असते असं धरलं, तर बिट अडकताच हाताला बसणारा हिसका सुमारे ४० किलो वजनाइतका भरतो. वायर नाही, आकार आटोपशीर, म्हणून अनेक जण ते एका हाताने चालवतात. शिडीवर उभं राहून एका हाताने चालवणं तर आणखी धोक्याचं.

हा हिसका आवरायची सोय ड्रिलमध्येच असते. बिट पकडून ठेवणाऱ्या चकच्या मागे आकडे कोरलेली कडी असते, ती म्हणजे क्लच. स्क्रू बसवताना लहान आकड्यापासून सुरुवात केली, की ठरावीक जोरानंतर क्लच कटकट आवाज करत सुटतो. भोक पाडण्याच्या खुणेवर कडी नेली, की बहुतेक ड्रिलमध्ये हे संरक्षण बंद होतं आणि पूर्ण ताकद बिटवर येते. वरच्या बटणावरचा ‘१’ हा आकडा कमी वेगाचा, पण जास्त जोराचा असतो. मोठं भोक पाडताना म्हणूनच बाजूचा जादा दांडा लावावा, दोन्ही हातांनी धरावं आणि बिट मधूनमधून बाहेर काढून भुगा झटकावा.

लाकडाचा किंवा पत्र्याचा लहान तुकडा हातात धरून भोक पाडणं ही नेहमीची चूक. पत्र्यातून बिट पलीकडे निघता निघता कड पकडतो आणि पत्रा पात्यासारखा गरगरतो. तुकडा टेबलाला क्लॅम्पने आवळणं हाच त्यावरचा उपाय. सैल हातमोजे, ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस यांना फिरत्या चकपासून लांबच ठेवायला हवं. बोटं वाचवण्यासाठी घातलेला मोजाच बोटांना आत ओढतो.

भिंतीचा धोका डोळ्यांना दिसत नाही. फ्लॅटमधल्या वायरी प्लास्टरखालच्या पाइपांतून जातात. बहुधा त्या स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा आडव्या जातात, क्वचित तिरक्याही. बोर्डाच्या वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक टाळावं, त्या खोलीचा एमसीबी आधी पाडावा. ड्रिलला वायर नसली तरी भिंतीतल्या वायरीत वीज असतेच, आणि ती बिटमधून धातूच्या चकपर्यंत येऊ शकते. त्यामुळे पकड फक्त रबरी मुठीवर. खांब आणि तुळया तर सोडूनच द्याव्यात; त्यांच्यातल्या सळया इमारतीचा भार वाहतात.

काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार जडतो. रोज हेच काम करणाऱ्या कारागिराला एन-९५ मास्क आणि गॉगल हवेतच. डोक्यावरच्या भोकाची भुकटी थेट डोळ्यांत पडते, म्हणून एकाच भोकापुरता ड्रिल हातात घेणाऱ्यालाही गॉगल हवा.

बिट बदलताना बॅटरी काढून ठेवावी. ट्रिगरला चुकून बोट लागलं तरी मग काही बिघडत नाही. सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात टाकू नये, तिची टोकं जोडली जाऊन आग लागू शकते. फुगलेली किंवा फुटलेली बॅटरी चार्जरला लावू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये; ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यावी.

स्कॉटच्या अनुभवानंतर दांड्यांचे सांधे सुधारले गेले. एप्रिल १९७२मध्ये ‘अपोलो १६’चा चार्ली ड्यूक चंद्रावर पोहोचला, तेव्हा ड्रिल ठरल्याप्रमाणे खोलवर गेलं. मात्र थोड्याच वेळात त्याचा सहकारी जॉन यंग याचा पाय जमिनीवर पसरलेल्या केबलमध्ये अडकला, केबल तुटली आणि उष्णता मोजायचा तो प्रयोग तिथेच संपला.