ओंडका ओढायचा : चाक की पट्टा?

सुरगाण्याकडे पुष्कळांच्या मालकीच्या शेतात साग उभा आहे. झाड आपले असले तरी तोडायला सरकारी परवानगी लागते. १९६४ सालचा तसा कायदाच आहे. परवानगी मिळाली, झाड पडले. आता ओंडका रस्त्यापर्यंत न्यायचा कसा? पूर्वी बैल ओढत. आता यंत्रेही भाड्याने मिळतात. ती दोन तऱ्हेची. एक चाकांचा ट्रॅक्टर. दुसरे पोकलेनसारखे, लोखंडी पट्ट्यांवर चालणारे.

दोहोंत फरक काय? चिखलाच्या भातखाचरात आपला पाय रुततो. तिथेच फळी टाकून उभे राहा. वजन तेच, पण रुतणे कमी. कारण वजन जास्त जागेवर पसरते. पट्टा म्हणजे यंत्राने बरोबर आणलेली फळीच!

हिशोब करून पाहू. समजा, यंत्र ८,००० किलोचे आहे. चार चाके मिळून ४,००० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकली. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २ किलो भार आला. त्याच वजनाच्या यंत्राचे पट्टे २०,००० चौरस सेंटिमीटर टेकले, तर भार फक्त ४०० ग्रॅम. १९०४ साली अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी हेच केले. मऊ जमिनीत ट्रॅक्टर रुतत, म्हणून चाकांच्या जागी फळ्यांचे पट्टे बसवले.

मग पट्टाच घ्यावा का? तसे नाही. पट्ट्याने डांबरी रस्ता खराब होतो. म्हणून ते यंत्र गाडीवर घालून आणावे लागते. तो खर्च वेगळा. त्याची चाल मंद, आणि वळताना ते माती खरवडते. चाकांचा ट्रॅक्टर आपला आपण येतो, भरभर फेऱ्या करतो.

तेव्हा जमीन घट्ट, सपाट आणि अंतर लांब असेल, तर चाक बरे. जमीन मऊ आणि अंतर थोडे असेल, तर पट्टा बरा. दोन-चारच ओंडके असतील, तर बैल काय वाईट?

उतारावर कोणतेही यंत्र आडवे चालवू देऊ नका, ते उलटते. साखळी ताणलेली असताना जवळ उभे राहू नका. ओंडक्याच्या खालच्या अंगालाही कोणी थांबू नये. जीव गेला तर लाकूड काय कामाचे?

आणि ओल्या रानात दोन्ही यंत्रे नकोत. चाकोरी पडते. पावसाचे पाणी तिच्यातूनच धावते आणि आपली माती नार-पार नद्यांना मिळते. दाबलेल्या मातीत पिकाची मुळेही नीट शिरत नाहीत. ओंडक्याचे पैसे वर्षात सरतात, पण गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.

म्हणून यंत्र सांगण्याआधी वीतभर खणा. मूठभर माती घेऊन दाबा. चिकट गोळा झाला तर थांबा. भुगा झाला तर खुशाल काम सुरू करा.