आंकड्यांच्या पोटांतलें गृहीत

भोकरच्या बाजूस एखाद्या विहिरीच्या कांठीं सौरपंप बसतो, तेव्हां त्याच्या किमतीचा दहावा भागच शेतकरी देतो. अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यास तर विसावाच भाग द्यावा लागतो. उरलेली रक्कम केंद्र व राज्य सरकार, म्हणजे पर्यायानें आपण सारेच देतों. तेव्हां त्या पंपामागील हिशेब समजून घेण्याचा आपणांस अधिकार आहे.

2024 सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत पंपाची शक्ति ठरविण्याचा नियम सोपा आहे. जमीन 2.5 एकरांपर्यंत असल्यास 3 अश्वशक्ति, 5 एकरांपर्यंत 5, आणि त्यापुढें 7.5. कागदावर हें सुटसुटीत दिसतें. परंतु पंपास एकर ठाऊक नसतात. त्याला पाण्याची खोली तेवढी कळते. 30 मीटरांवरून जितकें पाणी वर येतें, त्याच्या जवळजवळ निम्मेंच तेवढ्याच शक्तीनें 60 मीटरांवरून येतें. मराठवाड्याच्या कठीण खडकांत तर बांधाच्या अलीकडील व पलीकडील विहिरींचेंही पाणी सारखें नसतें. नियमाच्या पोटांत एक गृहीत आहे, आणि तें जागेवर जाऊन तपासावें लागतें.

तज्ज्ञांच्या मोठ्या आंकड्यांचेंही असेंच आहे. भारतांत वाऱ्यापासून किती वीज मिळूं शकेल? चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या निरनिराळ्या वेळच्या अंदाजांप्रमाणें 50 मीटर उंचीवर सुमारें 49 हजार मेगावॉट, 80 मीटरांवर 1 लाख 3 हजार, 100 मीटरांवर 3 लाख 2 हजार आणि 120 मीटरांवर 6 लाख 95 हजार. देश तोच, वारा तोच. बदलली ती उंची, आणि उपलब्ध जमिनीविषयींचें गृहीत. ह्यांतील एकही आंकडा खोटा नाहीं. मात्र उंची न विचारतां जो तो स्वीकारील, तो फसेल.

काय मोजावें, हाही प्रश्न असतो. सातारा जिल्ह्यांत वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या काळांत यंत्राच्या किमतीवर प्राप्तिकरांत मोठी वजावट मिळे. यंत्र पुढें किती फिरलें, ह्याच्याशीं त्या वजावटीचा संबंध नसे. प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेवर युनिटमागें 50 पैसे देण्याची पर्यायी योजना केंद्र सरकारनें 2009 सालीं आणली, तेव्हां कोठें विजेचें माप सुरू झालें.

सल्ल्याची तपासणी वेळेवर न झाल्यास काय होतें, तें महाराष्ट्र दाभोळला शिकला. तो प्रकल्प सूर्याचा वा वाऱ्याचा नव्हे, नाफ्थ्याचा व वायूचा. पण धडा सर्वांस लागू आहे. 1993 सालीं जागतिक बँकेनें तो परवडणारा नाहीं म्हणून अर्थसाहाय्य नाकारलें. तरी त्याच वर्षीं वीजखरेदीचा करार झाला, आणि तो विजेच्या मागणीच्या फुगलेल्या अंदाजावर उभा होता. 2001 सालीं डॉ. माधव गोडबोले यांच्या समितीनें हे दोष स्पष्टपणें दाखविले; पण त्याच वर्षीं वीजनिर्मिति बंद पडली. निदान अचूक होतें, वेळ मात्र टळून गेली होती.

नवीकरणीय ऊर्जेच्या कामांचेंही परीक्षण होतें. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा त्यावरील अहवाल 2015 सालीं संसदेपुढें आला. परंतु लेखापरीक्षण हें पैसा गेल्यावर येतें. म्हणून पैसा देण्यापूर्वींच सरकारनें तज्ज्ञास विचारावें: हा आंकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे? तो मोठा ठरल्यानें लाभ कोणाचा? आणि कांहीं वर्षांनीं तो ताडून कोण पाहणार?

ह्यांत तज्ज्ञांचा अनादर नाहीं. नाडी न पाहतां दिलेलें औषध आपण वैद्याकडूनही घेत नाहीं. भोकरच्या शेतांत पंप बसण्यापूर्वीं भर उन्हाळ्यांत कोणी विहिरींत दोर सोडून पाणी मोजलें, आणि पुढील उन्हाळ्यांत पुन्हा येऊन पाहिलें, तर जनतेच्या पैशाची खरी राखण झाली असें मी म्हणेन.